कांगारू आधी हलला

"मान वर," सुभेदार म्हणाले. "इमू हाईस तू. खुराड्यातली कोंबडी न्हाईस."

मी मान वर केली. ती माझी मान नव्हतीच. कामट्या आणि काळं कापड यांची हातभर उंच मान माझ्या डोक्यावर बांधली होती. टोकाला पत्र्याची चोच, आणि मला बाहेरचं दिसावं म्हणून मानेच्या बुडाशी एक खिडकी. खाली गोणपाट. गोणपाटावर वाळलेल्या गवताच्या पेंढ्या शिवलेल्या, ती पिसं. हात गोणपाटाच्या आत अंगाशी बांधलेले, कारण इमूला हात नसतात. मोकळे होते ते फक्त पाय, आणि सगळा घोटाळा पायांचाच होता.

समोर, प्लायवुडच्या ढालीच्या पलीकडे, सुभेदार हैबतराव खराडे कांगारूच्या वेषात उभे होते. तांबडं कापड, उभे कान, भुसा भरलेली शेपूट. मिश्या मात्र त्यांनी ठेवल्या होत्या. कांगारूला एवढ्या मिश्या नसतात, असं गुरुजींनी एकदा दबक्या आवाजात सुचवून पाहिलं होतं. सुभेदार म्हणाले होते, "फौजेतल्या कांगारूला असत्यात."

त्यांच्या पोटावर पिशवी होती आणि पिशवीत तंबाखूची चंची होती. पिशवी मादीला असते हे मला ठाऊक होतं. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. पण मी बोललो नाही. मला त्यांची मुलगी हवी होती.

चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीतली ही गोष्ट. आमच्या गावात दोन मंडळं, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं. दोन्हीकडे जिवंत देखावा असे. म्हणजे मूर्ती मातीच्या नाहीत, माणसांच्या. माणसानं वेष करून दोन तास पुतळ्यासारखं उभं राहायचं, लोकांनी रांगेनं बघत जायचं, आणि शेवटी शेवटी परीक्षकांनी येऊन गुण द्यायचे. जो हलला त्याचे गुण गेले. वरची आळी दरवर्षी तोच किल्ला सर करी आणि दरवर्षी पहिला नंबर घेऊन जाई.

त्या वर्षी आमच्या वाळिंबे गुरुजींनी ठरवलं की किल्ल्याला जगानं उत्तर द्यायचं. गुरुजी शाळेत भूगोल शिकवत. स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते, पण त्यांच्याकडे एक नकाशांचं पुस्तक होतं आणि त्याच्या शेवटच्या पानांवर देशोदेशीची राष्ट्रचिन्हं छापलेली होती.

"बघा," गुरुजी बैठकीत म्हणाले, "प्रत्येक देशानं आपापलं जनावर निवडलंय. मेक्सिकोचा गरुड निवडुंगावर बसून साप खातो. फिनलंडचा सिंह तलवारीवर उभा आहे. स्कॉटलंडनं तर जगात नसलेलंच जनावर घेतलंय. एकशिंगी घोडा."

"नसलेलं का?" कुणीतरी विचारलं.

"चारा लागत न्हाई त्याला," दुसरा म्हणाला, आणि ठराव मंजूर झाला.

निवडुंग गावाबाहेर फुकट होता. स्कॉटलंडसाठी टांगेवाल्याची पांढरी घोडी मिळाली. तिच्या कपाळावर पुठ्ठ्याचं शिंग बांधलं. अल्बानियाच्या दोन डोक्यांच्या गरुडासाठी एका झग्यात दोन जुळे भाऊ घातले. त्यांचं आपसात पटत नसल्यामुळे त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आपोआप राहिली. आपले चार सिंह अर्थातच मधोमध. चौथा सिंह मागे असतो, तो कुणालाच दिसत नाही. ते काम मंडपवाल्याच्या मेहुण्याकडे आलं. पाचही संध्याकाळी तो तोंडाला आयाळ लावून मागच्या बाजूला बसला आणि शेंगा खात राहिला. त्याची बायको मंडपाच्या मागून जाऊन त्याला बघून आली आणि सगळ्यांत चांगलं काम आमच्या ह्यांचंच, असं गावभर सांगत सुटली.

ऑस्ट्रेलियाच्या चिन्हात मधे ढाल. ती एका अंगानं कांगारूनं धरलेली, दुसऱ्या अंगानं इमूनं.

"हीच दोन जनावरं का, गुरुजी?"

"ही दोन्ही मागे पाऊल टाकत नाहीत, असं सांगतात. पुढेच जाणार. म्हणून देशानं निवडली."

कोपऱ्यात भिंतीला टेकून सुभेदार बसले होते. मोठ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांच्या शेजारी ऑस्ट्रेलियाची पलटण होती, एवढं गावाला माहीत होतं. ते उठून उभे राहिले.

"कांगारू मी," ते म्हणाले. मग त्यांची नजर बैठकीवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "आन इमू ह्यो."

माझी आणि सुभेदारांची ओळख चंद्रीमुळे. चंद्री ही त्यांची शेळी. वैशाखात ती अडली. करडू आडवं आलेलं. मी हात घालून ते सरळ करून बाहेर काढलं. तेवढा वेळ सरोजनं, म्हणजे सुभेदारांच्या थोरल्या मुलीनं, शेळीचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. त्यानंतर चंद्रीची तब्येत फार नाजूक झाली. दर आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात निरोप यायचा. कधी खात नाही, कधी फार खाते, कधी नुसतीच उदास वाटते. मी जाऊन बघत असे. नुसतं बघून परत येणं बरं दिसेना म्हणून एखादी ताकदीची सुई टोचत असे. सरोज आणि मी खुश होतो. चंद्री मात्र माझी चाहूल लागली की दावं ताणायची.

आषाढात मी धीर करून सुभेदारांना विचारायला गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. माझ्या मागे आई-वडील नव्हते, चुलत्यानं वाढवलेलं, त्यामुळे माझं बोलणं मलाच करायचं होतं. मी बोलत होतो, ते ऐकत होते. मधेच म्हणाले, "तुजा पाय."

"हो?"

"हालतोय."

मी पाहिलं. उजवा पाय मांडवातल्या झालरीसारखा हलत होता. मी तो थांबवला. डावा सुरू झाला. टेबलावरच्या बशीतल्या चहाला लाटा आल्या होत्या.

"मी दिल्लीला परेडला हुतो," सुभेदार म्हणाले. ही गोष्ट गावात शेंबड्या पोराला पाठ होती, पण ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकायची रीत होती. "गालावर गांधीलमाशी बसली. चावली. पुना चावली. मग उडून गेली. लाटसायेब म्होरनं गेला, त्येला कळलं न्हाई. मी पापनीसुदीक हालीवली न्हाई. आन तुला सोताचं पाय धरवंनात. तू संसार काय धरनार?"

मी चहा प्यायलो आणि आलो.

आणि आता बैठक संपल्यावर मंडळाच्या दारात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गौरी गेल्यापासनं रोज दिवेलागणीला माज्या म्होरं उभा ऱ्हायाचं. तू आधी हाललास, तर आमचा उंबरा इसरायचा. शेळी मेली तरी यायाचं न्हाई."

"आणि तुम्ही आधी हललात तर?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ दयेनं पाहिलं.

"मी आधी हाललो तर पोरगी दिली," ते म्हणाले. "बोलून ठेवायला काय जातंय."

इमूचा वेष सरोजनंच शिवला. शिवणाच्या वर्गात ती पहिली आलेली. गोणपाट माझ्या अंगावर बेतताना तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे जास्त बोलणं झालं नाही. शेवटची टाचणी काढून ती म्हणाली, "आबा हलत नाहीत."

"माहितीय."

"कशानंच हलत नाहीत." मग टाचण्या डबीत टाकत म्हणाली, "माणसांच्या कशानं."

मी त्याचा विचार केला नाही. मी पायांचा विचार करत होतो.

पहिली संध्याकाळ कशी गेली ते मी सांगू शकणार नाही, कारण गोणपाट अंगाला खाजतं. लोक रांगेनं पुढून जात होते, पोरं चुरमुरे मारत होती, कर्ण्यातून गुरुजी सांगत होते: "ढालीमागे दिसणारे पिवळे झाड म्हणजे वॅटल. हे आपल्या बाभळीचेच नातलग." म्हणून त्यांनी ओढ्याकाठच्या फुललेल्या बाभळीच्या खऱ्याखुऱ्या फांद्या ढालीमागे बांधल्या होत्या. ढालीच्या वर सात टोकांची चांदणी, बल्ब लावलेली. तिची वायर फांद्यांतून खाली आली होती. वायरमन जाता जाता म्हणाला होता, "एका जागी उघडी हाय, टेप संपली. हात लावू नका कुणी." मला हातच नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी कांगारूकडून आवाज आला.

"दमलास?"

मी खिडकीतून पाहिलं. सुभेदारांचे ओठ बंद होते. मिशी स्थिर. आवाज मात्र त्यांचाच.

"फौजेत शिकल्यालं," आवाज म्हणाला. "परेडीत असंच बोलत्यात. बोलण्याला हालणं म्हनत न्हाईत. बोल."

"नाही दमलो."

"पगार?"

मी सांगितला. पुढून एक म्हातारी आमच्याकडे बघून हात जोडून गेली.

"बिडी?"

"नाही."

"पत्ते?"

"दिवाळीत."

"खोटं बोलतोस?"

मी विचार केला. "वेळ पडली तर."

स्कॉटलंडची घोडी फुरफुरली.

"मी आयुष्यात खोटं बोलल्यालो न्हाई," सुभेदार म्हणाले. "एकदाबी न्हाई. कोर्टमार्शलला उभा केला हुता मला, खरं बोललो म्हनून. तरी बोललो."

अशा त्या संध्याकाळी गेल्या. माझी सोयरिक कर्ण्याच्या आवाजाखाली, तोंडं मिटून, पिसांत उभं राहून चालली होती. माझा चुलता काय करतो, घराला खापऱ्या की पत्रा, जनावराला सुई दिल्यावर दुखतं का, सगळं त्यांनी विचारलं. चौथ्या संध्याकाळी तर मीही एक प्रश्न विचारला, की ऑस्ट्रेलियन पलटणीत त्यांचा कुणी दोस्त होता का.

"हुता एक. टोपीला इमूचं पीस लावायचा." मग म्हणाले, "त्यो बी लई पाय हालवायचा."

माझे पाय तोवर दगडाचे झाले होते.

पाचव्या संध्याकाळी परीक्षक आले. तिघं होते, आणि त्यांच्यातले मुख्य एक निवृत्त मामलेदार. हातात पाटी, पाटीवर कागद. मेक्सिकोसमोर थांबले, मान डोलावली. अल्बानियासमोर थांबले. चार सिंहांसमोर त्यांनी चपला काढल्या. मग आमच्यासमोर आले, आणि त्यांच्या मागोमाग, गर्दीतून वाट काढत, गळ्यात लोंबत्या दाव्यासह चंद्री आली.

"चंद्री," सुभेदार म्हणाले. ओठ बंद.

"हो."

"हालू नगंस."

"नाही."

शेळीला बाभळीपुढे जगात काही दिसत नाही. ती सरळ स्टेजवर चढली आणि ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल खायला लागली. लोकांना वाटलं हे देखाव्यातलंच आहे. परीक्षकांनाही तसंच वाटलं. मामलेदारांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कर्ण्यातून गुरुजींचा आवाज क्षणभर अडखळला आणि सावरला: "ऑस्ट्रेलियात शेळ्यामेंढ्या पाळण्याचा धंदाही फार मोठा आहे."

तोंडाला येईल तेवढी बाभूळ संपवून चंद्री वळली. तिनं मला हुंगलं. मला ती ओळखत होती ती फिनेलच्या वासावरून, आणि आज माझ्या अंगाला गवताचा वास होता. तिनं माझ्या शेपटीची पिसं ओढून खाल्ली. मग बाजूची. मग मांडीवरची. मागून वारा लागू लागला तसं माझ्या ध्यानात आलं की आता गोणपाटाच्या मोठ्या भोकातून माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सबंध खालच्या आळीला आणि निम्म्या वरच्या आळीला दिसते आहे.

मी हललो नाही.

सुभेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिशी स्थिर होती, ओठ मिटलेले, पण गालांवरून धारा लागल्या होत्या. हसू आत कोंडून माणूस मरू शकतो असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"झ्याक," ते कसेबसे म्हणाले. "झ्याक उभा हाईस, मर्दा."

एवढं म्हणतात तोवर चंद्री पुन्हा बाभळीकडे गेली. खालची एक फांदी राहिली होती, वायरीला बांधलेली. तिनं फांदी ओढली. फांदीबरोबर वायर खाली आली. तिनं पाला खाल्ला, मग मान वाकडी करून वायर दाढेखाली धरली आणि चघळत चघळत उघड्या जागेकडे सरकू लागली.

आम्ही दोघांनी ते एकाच वेळी पाहिलं.

"चंद्रे," सुभेदार म्हणाले. ओठ अजून मिटलेलेच, पण आवाज कापला.

मला हात नव्हते. असते तर कदाचित मी विचार केला असता. पाय तेवढे होते, आणि इतके दिवस धरून ठेवलेले. मी उजव्या पायानं चंद्रीला अशी लाथ घातली की ती वायर सोडून बें करत ढालीपलीकडे, कांगारूच्या अंगावर गेली. ढाल कलंडली, चांदणी विझली, आणि मी चोचीवर आपटलो.

मान वळवून पाहिलं तेव्हा सुभेदार एका हातानं ढाल सावरत होते आणि दुसऱ्या काखेत शेळी होती. शेपूट फाटून सगळीकडे भुसा झाला होता.

गर्दीत कुणी हसलंसुद्धा नाही. सगळ्या गावाला पैज माहीत होती. मला वाटत होतं ती आमच्या दोघांतच आहे. पुढच्याच रांगेत सरोज उभी होती. तिच्या हातात पदराचं टोक होतं आणि ते तिनं पिळून दोरी केलं होतं.

मामलेदारांनी चष्मा वर केला. "नोंद करावी लागेल," ते म्हणाले. "आधी कोण हललं?"

आधी कोण हललं ते जगात दोघांनाच माहीत होतं. गर्दी शेळीकडे बघत होती. मी सुभेदारांकडे आणि सुभेदार माझ्याकडे, असे आम्ही पाच संध्याकाळी एकमेकांकडेच बघत उभे होतो. मी आडव्या पडल्या जागेवरून तोंड उघडलं.

"आधी मी..."

"कांगारू," सुभेदार म्हणाले.

"नक्की?" मामलेदारांनी विचारलं. सुभेदार हैबतराव खराडे कोण ते त्यांनाही माहीत होतं. गांधीलमाशी त्यांनीही ऐकली होती.

"कांगारू आधी हालला. मी सोता सांगतोय. लिवून घ्या."

"सुभेदार, पण..."

त्यांनी ओठ मिटले. मिटल्या ओठांतून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "गप ऱ्हा. तुजी चोच वाकडी झालीया."

पहिला नंबर वरच्या आळीनं नेला. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, आणि परीक्षकांनी शेरा मारला की शेळीचे काम विशेष उल्लेखनीय. चौथ्या सिंहाच्या बायकोनं तो शेरा पुढे कित्येक वर्षं मनाला लावून घेतला.

लग्न मार्गशीर्षात झालं. त्याआधी एकदा सुपारी आणायला आम्ही दोघं बाजारात चाललो होतो, तेव्हा मी म्हणालो, "मामा, खरं सांगा. माझा पाय आधी हलला. तुम्ही बघत होतात."

"त्या खिडकीतनं मला तुजं तोंड दिसत हुतं," ते म्हणाले. "पाय कोन बगतोय." आणि सुपारीचा भाव करायला पुढे गेले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून, जावई म्हणून, आजारपणात, सणावारी शेकडो वेळा गेलो असेन. गांधीलमाशीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही. एकदा कुणा नव्या माणसानं आपण होऊन काढली, तर म्हणाले, "लई जुनी गोष्ट हाय. हाललोबी असंन. ध्यानात न्हाई."

बारा-तेरा वर्षांनी आमच्या घरी टीव्ही आला. क्रिकेटची मॅच लागली होती, मामा आले होते, आणि आमचा मुलगा त्यांच्या मांडीला टेकून बसला होता. हा मुलगा इमू, कांगारू आणि चंद्रीची गोष्ट ऐकत ऐकतच वाढलेला. पडद्यावर ऑस्ट्रेलियाच्या कुणा खेळाडूची टोपी मोठी करून दाखवली, तसा तो उठून टीव्हीपाशी गेला आणि नाक लावून बघू लागला.

"आज्या, कांगारू आहे. इमूपण आहे." त्यानं आणखी शोधलं. "शेळी कुठाय?"

मी हसलो. मामांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"शेळी घरात बांदल्याली असती," ते म्हणाले. "तिची गाठ मी सोता मारली हुती त्या दिवशी. फौजी गाठ. ती आपली आपन सुटत न्हाई आन शेळीला तर जन्मात सुटत न्हाई. ज्येला शिकीवली त्येलाच सुटती."

"कुणाला शिकवलीत?" मुलानं विचारलं.

"एकीलाच शिकीवली," मामा म्हणाले. ओठ मिटलेले होते.

आत सरोजच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

माझा पाय हलायला लागला.